लांबडं न्हाई, तुटकं न्हाई

बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या बसमध्ये शेवंताक्का माझ्या शेजारी येऊन बसली, तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्रावरून इंजिनाच्या पंख्याचा काळा रबरी पट्टा अडकवलेला होता. हातात पिशवी, पिशवीत मिरच्या. खानापुरात चढली आणि बूड टेकायच्या आत तिनं विचारलं, "बाई, कुठलं गाव तुमचं?"

मी सांगितलं. मग तिथून का निघालात, नोकरी कसली, आई आहे का, भाऊ किती, वांगं चालतं का, एकटीला झोपायला भीती वाटते का. रामनगर येईपर्यंत तिला माझ्याबद्दल जे कळलं होतं ते माझ्या मामालाही ठाऊक नव्हतं. मराठी शाळेवर नेमणूक झाली आहे आणि राहायला जागा नाही, एवढं तिनं लक्षात ठेवलं असावं. उतरताना म्हणाली, "चला. आमच्या मागल्या दाराला खोली हाय. कौलं शाकारलेली हाईत. बघा, बरी वाटली तर ऱ्हावा."

मी राहिले. नव्वदच्या आगेमागे चार-पाच वर्षं तिच्या घराची मागची भिंत ती माझ्या घराची पुढची भिंत होती.

तिकडच्या सगळ्या बायकांसारखी ती "मी येतो, मी करतो" असं बोलायची. उंच, काटक, कपाळावर मोठं गोंदण. लुगड्याचा काचा मारून चालायला लागली की पुरुष मागे पडत. पण गावात तिची ओळख होती ती प्रश्नांसाठी. शेवंताक्काला विचारायची लाज नव्हती. एक बस रोज एका ठरावीक फणसाच्या झाडाखाली कारण नसताना थांबायची. सगळे वर्षानुवर्षं मुकाट बसून राहत. अक्कानं पहिल्याच खेपेला कंडक्टरला विचारलं, "हितं कोन चढतंय ना कोन उतरतंय, मग गाडी कशापाई थांबती?" कंडक्टर चाचरला. शेवटी कळलं की आतल्या वाटेवर ड्रायव्हरच्या सासूचं घर आहे आणि तिथून त्याचा डबा येतो. "मग सांगायचं की तसं," अक्का म्हणाली. "जेवनाला कोन न्हाई म्हनतंय?" त्या दिवसापासून बसमधली माणसं डबा आला की नाही ते वाकून बघू लागली.

एकदा ती माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मी पृथ्वीचं फिरणं शिकवत होते. तिनं बाहेरूनच विचारलं, "बाई, पृथ्वी फिरतीया तर आमच्या हिरीतलं पानी सांडत कसं न्हाई?" पोरं हसली आणि मग माझ्याकडे बघू लागली. मला येत होतं तेवढं मी सांगितलं. त्यावर तिनं पुढचं विचारलं, त्यावर आणखी पुढचं. अखेर मी म्हटलं, "अक्का, एवढं मला ठाऊक नाही." ती खूश झाली. "हां! मग इचारून सांगा," म्हणाली आणि निघून गेली.

तिचा नवरा म्हादूआण्णा. घाटातल्या रस्त्यावर उमेदीची सगळी वर्षं लॉरी चालवलेला माणूस. पाठ दुखायला लागली तेव्हा त्यानं लॉरी सोडली आणि गोव्यातल्या एका हॉटेलनं मोडीत काढलेला बुटका, तांबडा ट्रॅक्टर घरी आणला. बागेत चालवायचा ट्रॅक्टर; बसमध्ये अक्काच्या गळ्यात होता तो पट्टा याच्याच इंजिनाचा. मागे त्याला मोठ्या परातीसारखं एक पत्र्याचं कटर जोडलेलं. त्याच्या खाली फिरणारी पाती असत, ती गवत कापत. सीटजवळचा दांडा ओढला की कटर जमिनीवरून वर उचललं जाई, ढकलला की खाली येई. गावानं हसून घेतलं. चिखलात भाताची खाचरं नांगरायला हा काय कामाचा? "गवत कापायला ट्रॅक्टर? म्हशी मेल्या काय गावातल्या?" असं लोक तोंडावर विचारत. पण गणेशगुडीकडच्या धरणाच्या कॉलनीत खेळाचं मैदान होतं, बंगल्यांपुढे हिरवळी होत्या. बोंडं पडायच्या आत काजूच्या बागांतलं गवत काढावं लागे, नाहीतर काजू दिसत नाही आणि वणवा लागला तर झाडंही जातात. म्हादूआण्णाला काम पुरून उरलं.

तो बोलायला फार कमी. ती विचारायची, तो मान हलवायचा. हा दांडा कशाला, ही कळ कशाची, हे गरम का होतं, ते असं का ओरडतं. असं विचारता विचारता एक दिवस ती स्वतःच ट्रॅक्टर चालवू लागली. पायात चप्पल नसे. म्हादूआण्णा बांधावर उभा राहून विडी ओढत बघायचा. कटरखाली हात घालायचा झाला तर तो आधी एक लाकडी ओंडका खाली सरकवायचा, कितीही घाई असली तरी. तेवढ्या एका बाबतीत तो बोलायचा. "आधी लाकूड," म्हणायचा.

मग एका वर्षी पावसाच्या सुरुवातीला तो सकाळी दात घासता घासता अंगणात बसला आणि उठलाच नाही. जीपमध्ये घालून बेळगावला नेला. परत आला तो उजवा हात लुळा पडलेला, उजवा पाय ओढत, आणि तोंडात एकच शब्द घेऊन. न्हाई.

पाणी हवं का? न्हाई. दुखतंय का? न्हाई. मी कोण, ओळखलंत का? न्हाई. बघायला येणारी माणसं तो बहिरा झाल्यासारखी त्याच्या कानात ओरडत, नाहीतर तो तिथे नसल्यासारखी त्याच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत. डॉक्टरनं सांगितलं होतं, वाचा येईल थोडीफार, कदाचित येणारही नाही. म्हादूआण्णा भिंतीकडे तोंड करून पडू लागला.

अक्का मात्र विचारतच राहिली. भाकरी वाढू का, खिडकी लावू का, कुठलं बी पेरू. तो न्हाई म्हणायचा, ती ताट उचलायची, तो डाव्या हातानं खाट बडवायचा. एका दुपारी तिनं चहा परत नेला आणि आतून अशी जोरात थाप आली की मी माझ्या खोलीतून उठून उभी राहिले. मग भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला, अगदी सावकाश.

"माझं नाव शेवंता काय?"

"न्हाऽऽई."

"माझं नाव गंगू काय?"

"न्हाई."

पुन्हा अक्का. "आमची म्हस काळी काय?"

"न्हाऽऽई."

"म्हस हिरवी काय?"

"न्हाई!"

"लग्नात तुमी टोपीसाठनं रुसून बसलासा, व्हय का न्हाई?"

"न्हाऽऽऽई," असा सूर आला आणि पाठोपाठ घशातून घरघरल्यासारखं हसू. एवढ्या दिवसांत त्या घरातून हसण्याचा तो पहिला आवाज. अक्का परसातून धावत माझ्या दाराशी आली. डोळे भरलेले, हातात तो चहाचा कप तसाच. "बाई, लांबडं न्हाई म्हंजे व्हय! तुटकं न्हाई म्हंजे न्हाई! इतकं दिस मानूस बोलतंय नि मी आपली येड्यागत ताट उचलतोय!"

चहा गार झाला होता. तिनं दुसरा टाकला.

त्यानंतर त्या घरात पुन्हा संवाद सुरू झाला. एका बाजूनं सगळे शब्द, दुसऱ्या बाजूनं एकच. भाताचं बी त्यानं ठरवलं, म्हैस गाभण असल्याचं त्यानं ओळखलं. फक्त ट्रॅक्टरचा विषय ती काढत नसे. तो पावसाळाभर गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभा होता.

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि कॉलनीतून निरोप आला की मैदानात कमरेएवढं गवत झालं आहे, साप दिसतात, दसऱ्याच्या आत कापून द्या, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो. अक्कानं तोंडावर पाणी मारलं, काचा मारला आणि ट्रॅक्टर सुरू केला. इंजिन लागलं. दांडा ओढला. कटर वीतभर वर आलं, थरथरलं आणि अडलं. आतून कुत्र्याच्या पिलासारखा कुईऽऽ असा आवाज येऊ लागला. तिनं दांडा सोडला, पुन्हा ओढला. आता कटर तेवढंही उठेना. जमिनीला घासणारं कटर ओढत गणेशगुडीपर्यंतचा रस्ता कापणं शक्यच नव्हतं.

हमरस्त्यावरच्या गॅरेजातून इस्माईल मिस्त्री आला. लॉऱ्या दुरुस्त करणारा, सरळ माणूस. त्यानं तेल मोजायची पट्टी काढून बघितली, आवाज ऐकला. म्हणाला, "अक्का, तेल भरपूर हाय, उलट खुणेच्या वर हाय. म्हंजे पंप गेला असनार. खरं मी लॉरीचा मानूस. ही कटर उचलायची लिफ्ट मी कधी खोलली न्हाई. खोलली नि बसली न्हाई तर तुमचं नुकसान. बेळगावला न्या."

त्याच आठवड्यात अक्काचा धाकटा भाऊ ईष्णू खानापूरहून आला. बहिणीवर जीव असलेला भाऊ. तिचे फाटलेले तळवे बघून त्याला कसंतरी झालं. "अक्का, मानसाकडं बघशील का मशनीकडं? आजारी मानूस, म्हस, शेत... इकून टाक. माझ्या वळखीचा एक नर्सरीवाला हाय. न्यायला तयार हाय तो, हाय तसा. शुक्करवारी घिऊन येतो त्याला."

हे सगळं अंगणात चाललं होतं आणि दार उघडं होतं. आतून खाट वाजली. अक्का आत गेली. "इकू काय?" तिनं विचारलेलं मी ऐकलं. उत्तर इतकं तुटक आलं की ते न्हाई होतं का नुसता श्वास, ते कळलं नाही. म्हादूआण्णानं तोंड पुन्हा भिंतीकडे केलं होतं.

गुरुवारी शाळा सुटून मी घरी आले तर अंगणात वेगळाच देखावा. म्हादूआण्णाला खुर्चीत बसवून ट्रॅक्टरच्या शेजारी आणून ठेवलेलं. अक्का कमरेवर हात ठेवून उभी. इस्माईल मिस्त्रीला तिनं पुन्हा बोलावून आणलं होतं आणि तो बांधावर बसून कुतूहलानं बघत होता.

"पंप गेलाय काय?" अक्कानं नवऱ्याला विचारलं.

"न्हाई." तुटकं.

"दांडा सैल झालाय काय?"

"न्हाई."

"तेल?"

"न्हाऽऽई." लांब.

इस्माईल म्हणाला, "अवो, तेल भरपूर हाय म्हटलं की. जास्तच हाय."

अक्का त्याच्याकडे वळली. "जास्त कुनी घातलं?"

"मी न्हाई घातलं."

"मी बी न्हाई. ह्येंनी तर चार महिने अंगनात पाऊल टाकलं न्हाई. मग वाढलं कसं? दूध आपनहून वाढतंय काय, पानी घातल्याबिगर?"

इस्माईल उठून उभा राहिला. म्हादूआण्णाचं "न्हाऽऽऽई" एवढं लांबलं की गोठ्यातली म्हैस वळून बघू लागली.

खालचं बूच काढलं तर घमेल्यात तेल आलंच नाही. आलं ते ताक. पांढुरकं, दाट, फेसाळ. अक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग ट्रॅक्टरवर चढली. डोक्यावरच्या छपराच्या पत्र्याला छिद्र होतं, बरोबर गिअरच्या दांड्यावर. दांड्याच्या बुडाशी पाणी अडवायला असलेलं रबर तडकून उघडं पडलं होतं. पावसाळाभर पाणी थेंब थेंब आत गेलं होतं, आणि गिअरला नि लिफ्टला तेल एकच.

इस्माईलला वाटलं झालं, आता नवीन तेल भरायचं. तो बूच लावायला वाकला तसा म्हादूआण्णा खुर्चीत हलू लागला. डावा हात तोंडाशी नेऊन गाल आत ओढून काहीतरी चोखल्यासारखं करत होता.

"तहान लागली?" अक्का.

"न्हाई!"

"विडी पायजे?"

"न्हाई!" त्यानं ट्रॅक्टरकडे बोट केलं आणि पुन्हा चोखून दाखवलं.

"ह्यो चोखतोय? ओढतोय? तेल ओढतोय?"

"न्हाऽऽई!"

अक्कानं लगेच इस्माईलला विचारलं, "ह्यो तेल ओढतोय ते कुठनं?"

"तळाला जाळी असती, तिच्यातनं..." म्हणता म्हणता इस्माईलनं स्वतःच कपाळाला हात लावला आणि हसला. "व्हय की. जाळी तुंबली तर पंप बिचारा काय उचलनार? अक्का, तुमी पोलिसात जायाला पायजे हुतं."

जाळी काढली. राखेच्या चिखलासारखा थर बसला होता तिच्यावर. रॉकेलमध्ये धुतली, आतला भाग पुसला, नवीन तेल ओतलं. अक्का सीटवर बसली. इंजिन सुरू करून दांडा ओढला आणि कटर एकदम, न थरथरता, कमरेपर्यंत वर आलं. तो कुईऽऽ आवाज गेला होता. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी वाजवल्या. म्हादूआण्णा डोळे मिटून बसला होता. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. अक्कानं पदरानं ते पुसलं, जसं काही घामच पुसते आहे.

पण लिफ्टचं दुखणं पुरतं गेलं नव्हतं. इंजिन बंद केल्यावर कटर तसंच वर उभं राहायला हवं होतं. ते अगदी हळू, बघितलं तरच कळेल इतकं हळू, खाली उतरत होतं. इस्माईल म्हणाला, आत दट्ट्यावर रबराची रिंग असते, ती झिजली असेल. बेळगावहून येणाऱ्या एका ड्रायव्हरला ती आणायला सांगतो. घाबरायचं कारण नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळी, मी शाळेतून परतल्यावर, ईष्णू नर्सरीवाल्याला घेऊन आला. त्याला थांबवायला निरोप धाडायला वेळच मिळाला नव्हता. अक्कानं दोघांना पाणी दिलं. नर्सरीवाल्यानं लिफ्ट बघायला मागितली. अक्कानं कटर वर उचलून दाखवलं, इंजिन बंद केलं आणि चहा टाकायला आत गेली. मी तिच्या मागोमाग दूध घेऊन गेले. म्हादूआण्णा ओसरीवर खुर्चीत होता.

कटरच्या पात्यांना रानवेल गुंडाळलेली होती. पाहुण्यापुढे वस्तू स्वच्छ दिसावी म्हणून ईष्णू उकिडवा बसला, हात आत घातला आणि वेल ओढू लागला. लाकडी ओंडका बाजूलाच पडला होता. तो कशासाठी असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. वेल निघेना म्हणून त्यानं खांदाही आत घातला.

"ईष्णू!"

हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अक्काच्या हातून गाळणी पडली. आम्ही दोघी दारात आलो तेव्हा ईष्णू दचकून मागे फेकल्यासारखा बसला होता आणि त्याच क्षणी कटर धाडकन जमिनीवर आदळलं. माती उडाली. कोंबड्या ओरडत पळाल्या. हातात तुटलेली वेल धरून ईष्णू तसाच बसून राहिला. मग त्यानं दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले, उलटे केले, सुलटे केले. बोटं सगळी होती.

ओसरीवर म्हादूआण्णा उभा होता. डाव्या हातानं खांब धरून, स्वतःच्या पायांवर.

"कोन बोललं?" अक्का म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "अवो, कोन बोललं?"

"ईष्णू," तो म्हणाला. मग जणू खात्री करून घ्यायला पुन्हा, "ईष्णू. ईष्णू."

ईष्णू अंगणातच रडायला लागला. चांगला मिशाळ, चार गड्यांवर हुकूम चालवणारा माणूस, मातीत बसून लहान पोरासारखा. अक्कानं आधी त्याच्या पाठीवर एक सणसणीत धपाटा घातला, मग त्याला पोटाशी धरलं. नर्सरीवाला चहा न घेता जायला निघाला होता. अक्कानं त्याला बसवून चहा पाजला. "तुमी लई बरं मानूस," ती म्हणाली. "खरं ट्रॅक्टर न्हाई मिळनार आता. इचारायलाच नगो."

ती रिंग तीन-चार दिवसांनी आली. इस्माईलनं लिफ्ट उघडली. दट्ट्यावरची जुनी रिंग नखाएवढी चिरली होती, आणि वर तोललेल्या वजनानं शेवटी ती चीर फाटत गेली होती. नवी बसवताना तो प्रत्येक नट घट्ट करण्याआधी म्हादूआण्णाकडे बघायचा, आणि म्हादूआण्णा आपल्या दोन शब्दांपैकी एक काढायचा. संध्याकाळी कटर वर उचलून इंजिन बंद करून ठेवलं. सकाळी मी तोंड धुवायला उठले तर अक्का आधीच तिथे उकिडवी बसून बघत होती. कटर जिथल्या तिथे होतं. खाली ओंडका होताच, पण कटर त्याला टेकलं नव्हतं. "टिकलं हो बाई," ती म्हणाली आणि तिथेच मातीत पाय पसरून बसली. मीही बसले.

दसऱ्याआधी मैदान कापून झालं.

पुढे म्हादूआण्णाची वाचा सगळी परत आली असं नाही. बरेच महिने ईष्णू हाच त्याचा दुसरा शब्द होता. मला तो ईष्णू म्हणे, म्हशीला ईष्णू, पाहुण्यांना ईष्णू. अक्काला हाक मारायची तरी ईष्णूच. "दोन शब्द झाले की," ती म्हणायची. "संसाराला बास हाईत. लगीन झालं तवा ह्यापरास जास्त कुठं बोलत हुतासा?" मग 'पानी' आला, 'बस' आला. एक दिवस रागानं एक शिवीही आली. ती अक्कानं गल्लीभर कौतुकानं सांगितली. मला सांगताना मात्र शिवी कोणती ते सांगितलं नाही, कारण मी शाळेतली बाई होते.

तिचं विचारणं कमी झालं नाही. उलट आता लोकच तिच्याकडे येऊ लागले. कुणाच्या घरी म्हातारं माणूस बोलायचं थांबलं, कुणाचं पोर हट्टानं मुकं झालं, की अक्काला बोलवायचे. ती त्या माणसाच्या उशाशी बसायची आणि म्हैस हिरवी आहे का, असं विचारायला सुरुवात करायची. कधी काही निघायचं, कधी नाही. निघालं नाही तर ती म्हणायची, "उद्या येतो."

माझी बदली झाली ती मे महिन्यात. निघायच्या दिवशी तिचा निरोप घ्यायला गेले तर घराला कडी. दोघं पहाटेच काजूच्या बागेकडे गेले होते, असं शेजारीण म्हणाली. निरोप राहिला म्हणून खट्टू होऊन मी बेळगावची बस धरली.

गावाबाहेर रेल्वेचं फाटक पडलं होतं. बस थांबली. मालगाडी येत होती. पलीकडे, रुळांच्या त्या बाजूला, तांबडा ट्रॅक्टर उभा होता. चाकावरच्या पत्र्यावर म्हादूआण्णासाठी लाकडी बैठक ठोकलेली, त्याच्या कमरेला अक्काचं जुनं लुगडं पट्ट्यासारखं बांधलेलं. मी खिडकीतून हात काढणार तेवढ्यात गाडी मध्ये आली. मग डब्यांमधल्या फटींतून ती दोघं मला दिसत राहिली. एक डबा जाई, ती दिसत. दुसरा डबा, ती लपत. त्याच्या मांडीवर पानाचा द्रोण होता, करवंदांनी भरलेला. तो डाव्या हातानं एक करवंद उचलायचा, हात लांब करायचा, आणि अक्का स्टिअरिंगवरचे हात न काढता मान वळवून तोंड उघडायची. डबा. ती चघळते आहे. डबा. तिनं बी लांब थुंकली. डबा. तो हसतो आहे, त्याच्या हनुवटीवर जांभळा रस.

शेवटचा डबा गेला आणि फाटक वर झालं. अक्कानं ट्रॅक्टर थोडा कडेला घेऊन आधी बसला वाट दिली. आमच्या ड्रायव्हरकडे बघून हात वर केला. मी तिला दिसले नाही. धुरळ्यातून बस पुढे निघाली तेव्हा मी मागे वळून बघितलं. तिनं तोंड पुन्हा उघडलं होतं.